वाढ जाहीर झाली, करार कुठे आहे?

एसटी कर्मचाऱ्यांचा संप ४ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मिटला तेव्हा सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास टाकला. गणेश चतुर्थी तीन दिवसांवर आली होती, कोकणात जाणाऱ्या जादा गाड्यांची आरक्षणे होऊन बसली होती आणि विधानसभेची निवडणूकही दाराशी होती. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघटनांच्या कृती समितीबरोबर बैठक घेऊन मूळ वेतनात साडेसहा हजार रुपयांची वाढ मान्य केली आणि ती एप्रिल २०२० पासून लागू होईल असे सांगितले. गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. या आनंदाच्या भरात एका साध्या तारखेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एसटीतला वेतन करार चार वर्षांचा असतो. एप्रिल २०२० पासून धरायच्या कराराची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपत होती. म्हणजे ज्या चार वर्षांचा पगार ठरवायचा होता, ती चार वर्षे सरून पाच महिने झाल्यावर तो ठरला. वरात निघून गेल्यावर मुहूर्त काढावा, तसाच हा प्रकार. तोही रीतसर वाटाघाटी पूर्ण होऊन नव्हे, तर संपाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेल्या बैठकीतून.

जुना करार संपतो आणि नवा होतो, यांत काही काळ जाणारच. सार्वजनिक सेवेत तर तो अधिकच जातो, कारण तिथे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या व्यवस्थापनाच्या हातात तिजोरीची किल्ली नसते. ती मंत्रालयात असते, आणि मंत्रालयात वित्त विभागाचे उत्तर यायला जो वेळ लागतो तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. प्रश्न असा, की हा मधला काळ कसा निभावायचा. महाराष्ट्राने गेल्या आठ-दहा वर्षांत त्याचे एकच उत्तर वापरले आहे: अंतरिम घोषणा. संप पेटला, सण जवळ आला, न्यायालयाने फटकारले की मंत्री पत्रकार परिषद घेतात आणि एक रक्कम सांगतात. ही रक्कम कशाचा भाग आहे, पुढच्या करारात ती कशी वळती होणार, किती दिवसांसाठी आहे, तिच्यावर कोणाची सही आहे, यातले काही ठरलेले नसते. माझे म्हणणे असे की अंतरिम वाढ ही वाईट गोष्ट नाही. उलट ती आवश्यक आहे. पण ती घोषणा म्हणून येते तोवर पुढचा तंटा सोबत घेऊनच येते. ती करार म्हणून, दोन्ही बाजूंच्या सहीने आणि जुना करार संपतो त्याच दिवसापासून आली पाहिजे.

एसटीचा अलीकडचा इतिहास यासाठी पुरेसा बोलका आहे. २०१२ ते २०१६ चा करार ३१ मार्च २०१६ ला संपला. त्यानंतर दीड वर्ष नवा करार झाला नाही आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये, ऐन दिवाळीत, चार दिवस गाड्या बंद राहिल्या. उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, कामगार कामावर परतले, वेतनाचा प्रश्न समितीकडे गेला. १ जून २०१८ ला, एसटीच्या सत्तराव्या वर्धापनदिनी, तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. आकडा मोठा होता, पण संघटनांची त्यावर सही नव्हती. आठवडाभरातच, ८ आणि ९ जूनला, कोणत्याही संघटनेने रीतसर हाक न देता राज्यभर अघोषित संप झाला. या ४,८४९ कोटींपैकी नेमके किती पगारात पडले आणि किती शिल्लक राहिले, हा वाद पुढे कितीतरी काळ चालला. वाद चालणारच होता. करारात रक्कम वेतनश्रेणीनिहाय वाटलेली असते. घोषणेत ती एकगठ्ठा असते आणि वाटणीचा हिशेब ज्याचा त्याने लावायचा असतो.

मग २०२१ आले. करार संपून दीड वर्ष उलटले होते, मधे करोनाचे टाळेबंदीचे महिने गेले होते, पगार वेळेवर होत नव्हते. महागाई भत्ता आणि घरभाडे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांइतके द्या, या मागणीवर ऑक्टोबरच्या अखेरीस उपोषण सुरू झाले. भत्त्याची मागणी बरीचशी मान्यही झाली. पण तोवर आगारा-आगारांत दुसरीच मागणी उभी राहिली होती: एसटी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. या मागणीवर बरीच टीका झाली, आर्थिकदृष्ट्या ती अव्यवहार्य होती असे शासनाच्या त्रिसदस्यीय समितीनेही पुढे म्हटले. मात्र ती का उभी राहिली, हे कमी लोकांनी पाहिले. ज्या कामगाराचा करार दर चार वर्षांनी रखडतो, त्याला कराराची पद्धतच नको वाटू लागते. शेजारच्या तहसील कार्यालयातल्या शिपायाला वेतन आयोग आपोआप मिळतो आणि आपल्याला मात्र दर वेळी आगाराच्या फाटकावर बसावे लागते, ही तुलना त्याच्या डोक्यात पक्की बसते. विलीनीकरणाची मागणी हा वाटाघाटीवरचा अविश्वास होता, आणि तो फुकाचा नव्हता.

२४ नोव्हेंबर २०२१ ला परिवहन मंत्री अनिल परब यांनी अंतरिम वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजार, दहा ते वीस वर्षेवाल्यांना चार हजार, वीस वर्षांच्या पुढच्यांना अडीच हजार. ही वाढ जरा जवळून पाहण्यासारखी आहे. नव्या कामगाराचे मूळ वेतन तेव्हा १२,०८० रुपये होते. २८ टक्के महागाई भत्ता आणि १६ टक्के घरभाडे धरून त्याच्या हिशेबात १७,३९५ रुपये पडत. वाढीनंतर मूळ वेतन १७,०८० झाले, म्हणजे ४१ टक्क्यांची उडी. दहा वर्षांच्या वर सेवा असलेल्याचे मूळ वेतन १६,००० वरून २०,००० झाले. ही २५ टक्के. वीस वर्षांच्या वरच्याचे २६,००० वरून २८,५००, म्हणजे दहा टक्क्यांच्याही आत. सगळ्यात कमी पगारवाल्याला जास्त द्यावे, यामागची भावना चांगलीच होती. सतरा हजारांत कुटुंब चालवणाऱ्या वाहकाला आधी हात दिला पाहिजे, यावर कोणाचे दुमत असणार? पण वेतनश्रेणी ही एक शिडी असते आणि तिच्या खालच्या पायऱ्या वर सरकवल्या, वरच्या तिथेच ठेवल्या की मधले अंतर घटते. नव्या आणि दहा वर्षे झालेल्या कामगारांत आधी ३,९२० रुपयांचे अंतर होते, ते २,९२० वर आले. वीस वर्षेवाला आणि दहा वर्षेवाला यांच्यातले दहा हजारांचे अंतर साडेआठ हजार झाले. आणि जिथे टप्पा बदलतो तिथे तर उलटेच झाले. ज्याची दहा वर्षे भरायला दोन महिने बाकी होते त्याला पाच हजार, आणि ज्याची भरून दोन महिने झाले होते त्याला चार. वार्षिक वेतनवाढ तीन टक्के धरली तरी त्या पातळीवर ती पाचशेच्या आसपासच जाते. म्हणजे एका वर्षाने कनिष्ठ असलेला चालक मूळ वेतनात आपल्या वरिष्ठाच्या पुढे निघू शकत होता. एकाच गाडीच्या ड्युटीवर जाणाऱ्या दोघांची पगारपत्रके शेजारी ठेवली की हे कळायला वेतनतज्ज्ञ लागत नाही.

आता २०२४ ची दुरुस्ती पाहा. साडेसहा हजारांची वाढ सगळ्यांना सारखी, पण २०२१ ला मिळालेले त्यातून वजा. म्हणून पाच हजारवाल्यांना आणखी दीड हजार, चार हजारवाल्यांना अडीच हजार आणि अडीच हजारवाल्यांना चार हजार. २०२१ च्याच आकड्यांत मोजले तर १२,०८० चे १८,५८० होतात, १६,००० चे २२,५००, २६,००० चे ३२,५००. अंतरे पुन्हा ३,९२० आणि दहा हजार. शिडी जिथे होती तिथे परत आली. जवळपास तीन वर्षे, एक नवा संप आणि थकबाकीचा मोठा डोंगर खर्ची घालून आपण २०२१ च्या घोषणेतली एक चूक निस्तरली. मधल्या काळात जे वरिष्ठ कर्मचारी निवृत्त झाले त्यांनी कमी मूळ वेतनावर सेवा संपवली. भत्ते, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सारे मूळ वेतनावर चालते, त्यामुळे मूळ वेतनातल्या अडीच हजारांच्या फरकाचे तेव्हाच्या भत्त्यांसह महिन्याला ३,६०० रुपये होतात. थकबाकीची वाट पाहणे निवृत्त माणसाला कसे असते, हे वेगळे सांगायला नको. वाटाघाटीच्या टेबलावर कामगारांचा एक जरी जाणता प्रतिनिधी कागद-पेन घेऊन बसला असता तर दहा वर्षांच्या टप्प्यावरचा हा घोळ पहिल्या अर्ध्या तासात निघाला असता. घोषणा टेबलावर येत नाही, म्हणून ती तपासलीही जात नाही.

कायदा या मधल्या काळाबद्दल काय म्हणतो, हेही पाहायला हवे. करार संपला म्हणून कामगार उघड्यावर पडत नाही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम १९ नुसार मुदत सरली तरी, एका बाजूने तो संपवण्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत करार बंधनकारक राहत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या बोनसच्या खटल्यात याहून पुढे जाऊन सांगितले की नोटीस दिल्यानेही जुन्या अटी हवेत विरत नाहीत. नवा करार, निवाडा किंवा कायदा त्यांची जागा घेईपर्यंत त्या लागू राहतात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा हा निकाल कामगारांच्या बाजूचा मानला जातो, आणि तो आहेच. व्यवस्थापनाला करार संपल्याचे निमित्त करून पगार खाली आणता येत नाही. पण याच संरक्षणाची दुसरी बाजू अशी की उशीर करणाऱ्याला काही मोजावे लागत नाही. जुन्या दराने पगार देत राहिले की झाले. थकबाकीवर सहसा व्याजही द्यावे लागत नाही. महागाई भत्ता वाढतो हे खरे, मात्र तो फक्त महागाईच्या मागे धावतो, आणि एसटीत तर तो राज्य सरकारच्या दराच्या मागे रेंगाळल्यामुळेच २०२१ ची ठिणगी पडली. जुना करार चालू राहणे हा कायद्याने आखलेला तळ आहे. त्याच्या वर काय बांधायचे हे दोन्ही बाजूंनी ठरवायचे असते, आणि आपण ते ठरवत नाही.

ठरवता येते, याची उदाहरणे लांब शोधायला नकोत. बँक कर्मचाऱ्यांचे वेतन १९६६ पासून द्विपक्षीय करारांनी ठरते, अलीकडे दर पाच वर्षांनी. तिथेही उशीर होतो. अकरावा करार नोव्हेंबर २०१७ पासूनचा, त्यावर सह्या झाल्या नोव्हेंबर २०२० मध्ये. बाराव्याच्या वेळचा क्रम पाहा. १ नोव्हेंबर २०२२ पासूनच्या करारासाठी ७ डिसेंबर २०२३ ला भारतीय बँक संघ आणि नऊ संघटनांचा संयुक्त मंच यांनी एक सामंजस्य करार केला. १७ टक्के वाढ, लागू होण्याची तारीख, आणि बारीक तपशील सहा महिन्यांत ठरवण्याची मुदत, हे त्यात लिहिलेले होते. कोणत्या श्रेणीला किती, भत्ते कसे, हे सगळे नंतर. अंतिम करार ८ मार्च २०२४ ला, मुदतीच्या निम्म्या वेळेतच झाला. मोठा आकडा आधी ठरल्यामुळे उरलेली भांडणे टक्क्याची राहिली नाहीत, वाटणीची राहिली, आणि वाटणीचे भांडण मिटायला लवकर मिटते. बँका नफ्यात आहेत, एसटी तोट्यात, हा फरक मी विसरलेलो नाही. त्याकडे पुढे येतोच. पण टप्पे पाडून बोलण्याची ही रीत नफ्यावर अवलंबून नाही.

तोट्यातलेही उदाहरण आहे. मुंबईत जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला. बेस्टचा करार २०१६ पासून रखडला होता आणि उपक्रमाची आर्थिक अवस्था एसटीहून बरी म्हणावी अशी नव्हती. संप मिटला तो उच्च न्यायालयात. न्यायालयाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांना मध्यस्थ नेमले, अंतिम तोडग्यासाठी तीन महिन्यांची मुदत घातली आणि दरम्यानच्या काळासाठी कनिष्ठ कर्मचाऱ्यांना दहा वेतनवाढी द्यायला लावल्या. पुढचा रस्ता सरळ नव्हता; संघटनांची आपसातली चढाओढ, महापालिकेची चालढकल हे सगळे झाले. तरीही या अंतरिम व्यवस्थेत तीन गोष्टी होत्या ज्या २०२१ च्या एसटीच्या घोषणेत नव्हत्या: रक्कम चालू श्रेणीच्या पायऱ्यांतच मोजलेली होती, पुढची तारीख होती, आणि ती पाळायला लावणारा एक तिसरा माणूस होता. खेद एवढाच की हे सगळे नऊ दिवस मुंबईकरांचे हाल झाल्यावर आणि न्यायालयाच्या पुढाकाराने झाले. औद्योगिक न्यायाधिकरणाला वाद चालू असताना अंतरिम मदत देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच हॉटेल इम्पीरियलच्या प्रकरणात मान्य केले आहे. जे न्यायाधिकरण करू शकते ते दोन पक्षांनी आपणहून करायला कायद्याची आडकाठी नाही.

यावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो हलका नाही. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चच्या पगाराचे ५६ टक्केच पडले, उरलेले नंतर. ज्या संस्थेला चालू पगार पुरता देता येत नाही, तिच्याकडून अंतरिम कराराची अपेक्षा कशी करायची? पण मागे वळून पाहा. पैसे नाहीत म्हणून वाढ टळली आहे का? ती दर वेळी झाली, फक्त उशिरा आणि एकदम. एप्रिल २०२० पासूनची वाढ सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केल्यामुळे चार वर्षांचा फरक एका फटक्यात अंगावर आला आणि तो फेडायला हप्ते पाडावे लागले. हीच रक्कम २०२० पासून थोडी थोडी अंतरिम म्हणून गेली असती, अंतिम वाढीत वळती करायच्या अटीवर, तर थकबाकी कितीतरी लहान राहिली असती. तंगीत असलेल्या संस्थेला खर्च आधी माहीत असण्याची गरज श्रीमंत संस्थेपेक्षा अधिक असते. शिवाय तोटा कोणाच्या निर्णयांनी होतो हेही पाहावे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, हे निर्णय लोकहिताचे आहेत आणि गाड्यांतली गर्दी सांगते की लोकांना ते हवे होते. मात्र ते सरकारने घेतले, सवलतीची भरपाईही सरकारकडूनच यायची असते, भाडेवाढ कधी करायची हेही महामंडळाच्या एकट्याच्या हातात नाही. जिथे उत्पन्नाचे सारे नळ सरकारच्या ताब्यात आहेत तिथे पगाराच्या वेळी मात्र महामंडळ स्वायत्त, असे म्हणता येणार नाही. म्हणूनच अंतरिम करारावर महामंडळाबरोबर वित्त विभागाचीही सही हवी. ५६ टक्क्यांची वेळ येते ती ही सही नसल्यामुळे.

दुसरा आक्षेप कामगारांच्या बाजूचा आहे आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. अंतरिम म्हणून हातावर काही ठेवले की अंतिमाची घाई कोणाला राहत नाही. संपाची धार बोथट होते. अंतरिम हेच अंतिम होऊन बसते. २०२१ मध्ये हीच शंका आझाद मैदानात बसलेल्यांच्या मनात होती. घोषणेनंतर दुसऱ्याच दिवशी पुढाऱ्यांनी माघार घेतली, तरी हजारो कामगार हलले नाहीत, आणि संप एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कामावर रुजू होण्याची मुदत घालून देईपर्यंत, पाच महिन्यांहून अधिक काळ, चालला. ४१ टक्के वाढ मिळूनही लोक कामावर का गेले नाहीत, याचे सरकारला आश्चर्य वाटले. त्यात आश्चर्य काय? ती वाढ कशाच्या बदल्यात आहे, पुढे काय होणार, हे सांगणारा कागद त्यांच्या हातात नव्हता. हातात होत्या त्या निलंबनाच्या आणि बडतर्फीच्या नोटिसा. त्या पाच महिन्यांत गावाकडच्या शाळकरी मुलांचे, जिल्ह्याच्या दवाखान्यात जाणाऱ्यांचे जे झाले ते झालेच. कामगारांच्या घरांतही आत्महत्या झाल्या. अंतरिम हे अंतिम होईल या भीतीचा इलाज अंतरिम नाकारणे हा नाही. या रकमेमुळे मूळ मागण्यांना बाधा येणार नाही असे एक वाक्य, आणि अमुक तारखेनंतर विषय लवादाकडे जाईल असे दुसरे, एवढे लिहून घेतले तर भीतीला जागा उरत नाही. ऐच्छिक लवादाची तरतूद आपल्या कायद्यात कित्येक वर्षे पडून आहे. व्यवस्थापने ती टाळतात, कारण लवाद काय देईल याचा भरवसा नसतो, आणि संघटनाही टाळतात, कारण लवादाने दिलेल्या वाढीचे श्रेय फलकावर लावता येत नाही.

श्रेयाचा हा मुद्दा जाता जाता आला, पण तो जाता जाता सोडण्यासारखा नाही. घोषणा सरकारला आवडते हे उघडच आहे. मागणी मान्य केली असे सांगत कॅमेऱ्यासमोर उभे राहता येते. पण संघटनांनाही ती आवडते. एसटीत संघटनांची संख्या दोन आकडी आहे. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार ३० टक्के सभासदत्व असलेली संघटना मान्यता मिळवू शकते आणि मग वाटाघाटीचा हक्क तिचा. उरलेल्या संघटनांना करारात नाव नसते, घोषणेत मात्र कोणीही शिरकाव करू शकतो. आमच्याच आंदोलनामुळे वाढ झाली, असे दहा जण दहा आगारांत सांगू शकतात. करारावर सही केली की त्यातल्या प्रत्येक तडजोडीचे उत्तर सभासदांना द्यावे लागते. म्हणून सही नको, गुलाल चालेल. नव्या संहितेत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के सभासद असतील तर एकच वाटाघाटी संघटना, नाहीतर २० टक्के किंवा अधिक पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद, अशी रचना आहे. तिच्याबद्दल आणि विशेषतः तिने संपावर घातलेल्या बंधनांबद्दल कामगार संघटनांच्या हरकती आहेत, त्यांतल्या काही रास्तही आहेत. पण अनेक संघटनांनी मिळून एकाच कागदावर सही करण्याची सवय लागायची असेल तर त्याची सुरुवात पूर्ण करारापेक्षा अंतरिम कराराने सोपी जाईल. त्यात भांडायला मुद्दे कमी असतात.

संपाला बक्षीस दिल्यासारखे होईल, आज एसटी, उद्या महापालिका, परवा वीज कंपन्या, असा तिसरा सूर वित्त विभागातून हमखास निघतो. मला हा आक्षेप उलटा लागू होतो असे वाटते. बक्षीस तर आज मिळते आहे. २०१७ ची दिवाळी, २०२१ ची दिवाळी, २०२४ चा गणेशोत्सव: करार मार्चअखेर संपतो आणि संप सणाला होतो, हा काही योगायोग नाही. कामगारांनी अनुभवातून शिकलेले वेळापत्रक आहे हे. मार्चमध्ये निवेदन दिले तर पोच मिळते, सणाच्या आठवड्यात गाडी थांबवली तर मुख्यमंत्री भेटतात. अंतरिम वाढ करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, संप असो वा नसो, आपोआप लागू होणार असेल तर तिच्यासाठी संप करण्याचे कारणच उरत नाही. प्रवाशाला वेठीस धरणे थांबवायचे असेल तर संपाचे कारण आधी काढून घ्यावे लागेल. न्यायालयाचे मनाई आदेश २०१७ लाही होते आणि २०२१ लाही, त्यांनी काय थांबले ते आपण पाहिले. आणि महापालिका, वीज कंपन्या यांनीही अशीच रीत घेतली तर त्यात घाबरण्यासारखे काय आहे? आठव्या केंद्रीय वेतन आयोगाला अठरा महिन्यांची मुदत देताना गरज वाटल्यास अंतरिम अहवाल देण्याची मुभा सरकारने स्वतःच ठेवली आहे. वेतन आयोगाच्या कक्षेतल्या कर्मचाऱ्याला जी सोय मान्य, ती करारावर जगणाऱ्याला का नको?

असा अंतरिम करार फार मोठा दस्तऐवज असण्याचे कारण नाही. वाढ मूळ वेतनाच्या टक्क्यांत असावी, म्हणजे शिडीची अंतरे मोडणार नाहीत. खालच्या श्रेणीसाठी किमान रक्कम ठेवायची तर ठेवावी, पण सेवेच्या वर्षांचे टप्पे पाडून नव्हे. दिलेली रक्कम अंतिम वाढीतून वळती होईल आणि अंतिम वाढ कमी निघाली तरी वसुली होणार नाही, हे स्पष्ट लिहावे. कंत्राटी चालक आणि भाड्याच्या गाड्यांवरचे कर्मचारी या सगळ्याच्या बाहेर राहतात, हा प्रश्न खरा आहे आणि तो या लेखात सुटणारा नाही; मात्र नियमित कामगाराचा करार रखडत ठेवल्याने कंत्राटी कामगाराचे भले झाल्याचे कुठे दिसलेले नाही, उलट रखडलेला करार हे अधिक कंत्राटीकरणाचे निमित्त होते. सहा महिन्यांत अंतिम करार झाला नाही तर लवाद कोण, त्याचे नाव त्याच कागदावर असावे. नंतर नाव ठरवायला बसले की आणखी वर्ष जाते. आणि हा कागद प्रत्येक आगाराच्या सूचना फलकावर लागावा, कारण गेल्या तीन संपांत अफवांनी जेवढे नुकसान केले तेवढे दोन्हीकडच्या हट्टानेही केले नसेल.

एप्रिल २०२४ पासूनचा चार वर्षांचा कालावधी ३१ मार्च २०२८ ला संपेल. ही तारीख आजच सगळ्यांना माहीत आहे. मंत्रालयाला, महामंडळाच्या मुंबई सेंट्रलच्या मुख्यालयाला आणि सगळ्या संघटनांना. १ एप्रिल २०२८ पासून लागू होईल असा अंतरिम करार त्याआधीच्या अर्थसंकल्पात तरतूद करून तयार ठेवता येतो, आणि त्यासाठी वाटाघाटीची पहिली बैठक २०२७ मध्येच घ्यावी लागेल. त्या बैठकीला टक्केवारी, मुदत, लवाद किंवा वित्त विभागाची सही यांपैकी कशावर सरकारचा आक्षेप असेल आणि कशावर संघटनांचा, तर तो दोघांनी तेव्हाच लेखी नोंदवावा.